टॅलो क्रीकचा शेवटचा खाणकामगार

टॅलो क्रीक, कोलोरॅडो
१८ नोव्हेंबर १९६२

ती. लोव्रोदादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि मिल्कावहिनींनी पाठवलेले लोकरी मोजे पोचले. बाबांनी मोजे लगेच पायात चढवले, पण कौतुक करायचं सोडून म्हणाले, प्वेब्लोच्या माणसांना थंडी माहीत नाही, त्यांना लोकर काय कळणार. वहिनींना हे सांगू नकोस. किंवा सांग, त्यांना सवय आहे.

स्की करायला येणाऱ्यांना तारेवरून डोंगरावर नेणाऱ्या खुर्च्या गावात सुरू झाल्या. खाण बंद पडली तेव्हा लोक घरांच्या खिडक्यांना फळ्या ठोकून गेले होते. त्याच फळ्या आता डेन्व्हरची माणसं उपटून काढताहेत आणि खिडक्यांना तांबडा रंग देताहेत. आईने जिथे चाळीस कामगारांचा स्वयंपाक केला, त्या खाणावळीचं हॉटेल झालं. तीन नंबरच्या बोगद्याच्या तोंडाशी गरम कोको मिळतो. मला हॉटेलात चादरी धुण्याचं काम आहे, ते बरं चाललंय.

बाबा दिवसभर खिडकीत बसतात. माणसं पैसे देऊन वर जातात आणि पडत पडत खाली येतात, ही कसली शिफ्ट, असं विचारतात. मागे हॉटेलचे मॅनेजर व्हिटकोम घरी आले होते. अक्रोड भरलेला गोड पाव, आपली पोतित्सा, खाताना त्यांनी बाबांच्या गोष्टी ऐकल्या: फावड्यावर बसून बर्फावरून खाली कसे घसरत यायचे वगैरे. जाताना त्यांनी विचारलं, शनिवारी संध्याकाळी हॉटेलच्या शेकोटीशी बसून पाहुण्यांना हे सांगाल का? मी हसण्यावारी नेलं. बाबा मात्र शनिवारी दाढी करून तयार! आता दर शनिवारी जातात. तुला आवडणार नाही, म्हणून आधी मीच कळवते.

वहिनींना नमस्कार. रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
नेझा

---

प्वेब्लो
९ डिसेंबर १९६२

चि. नेझा हिस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. मिल्काचा गुडघा दुखतो, पण जीभ शाबूत आहे. मोज्यांचं तिला सांगितलं. पुढच्या वर्षी म्हाताऱ्याला सुतळीचे विणून देते म्हणाली.

तू ‘गोष्टी सांगतात’ एवढंच लिहिलंस. आमच्या पोलादाच्या भट्टीवरचा एकजण तुमच्याकडे स्की करायला गेला होता. त्याने येताना एक रंगीत कार्ड आणलं आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांत फिरवलं. कार्डावर आपले बाबा, कोरा करकरीत डगला घातलेले, डोक्यावर खाणीतलं हेल्मेट, हातात कुदळ, तोंडाला काजळी. खाली छापलंय, ‘टॅलो क्रीकचा शेवटचा खाणकामगार’. अगं, आपली चांदीची खाण! तिथून माणसं दगडाच्या धुळीने पांढरीफटक होऊन बाहेर यायची, काळी नाही. बाबांनी ती काजळी फासून तरी कशी घेतली? जत्रेतल्या अस्वलालाही निदान वेसण घालावी लागते, हे तर आपल्या पायांनी गेले.

याच माणसाने मला, पोटच्या पोराला, एकोणिसाव्या वर्षी फोरमनसमोर नालायक ठरवलं, हे तू लहान होतीस तरी तुला आठवत असेल. ‘खाण पोरखेळ नाही’ म्हणाले होते. माझ्या सगळ्या दोस्तांना घेतलं आणि मला नाही. त्याच आठवड्यात मी गाव सोडलं. तेव्हा खाणीचा एवढा मान होता, तर मग आज तिचा तमाशा का? हे त्यांना माझ्या नावाने वाचून दाखव.

तुझ्यावर राग नाही. प्रकृतीस जप, माया आहे ती आहेच.

तुझा,
लोव्रो

---

टॅलो क्रीक
६ जानेवारी १९६३

ती. लोव्रोदादास,
सा. न. वि. वि.

नाताळ झाला, पण घरात नाताळासारखं काही नव्हतं.

बाबांची नजर आता फारच अधू झाली आहे. तुझं पत्र मीच वाचून दाखवलं. अस्वलाची ओळ मी गाळायला गेले, पण माझा श्वास अडकलेला त्यांना कळला. म्हणाले, “सगळं वाच.” मी वाचलं. ती ओळ त्यांनी पुन्हा वाचायला लावली आणि हसले. मग खोकले, खूप वेळ. शेवटी म्हणाले की लोव्रोचं खरं आहे, आपल्या खाणीत कुणी काळं होत नव्हतं. हेल्मेट दाराआडच्या खिळ्याला टांगून ठेवलं. त्या शनिवारी हॉटेलने गाडी पाठवली. तब्येत बरी नाही असं सांगा, म्हणाले. तेव्हापासून घराबाहेर पडलेले नाहीत. खिडकीतही बसत नाहीत.

दादा, तुला मी एक लिहिलं नव्हतं. काजळी पहिल्याच दिवशी फोटोवाल्याने फासली होती, फोटो होताच बाबांनी रुमालाने पुसून टाकली. आणि शनिवारी पाहुणे त्यांचे फोटो काढून झाले तरी उठून जात नसत, जमिनीवर मांडी घालून ऐकत बसत. शनिवारच्या त्या संध्याकाळी बाबा खोकायचे तेही जरा कमीच, असं मला वाटायचं. चाळीस वर्षं जमिनीखाली काढून हा माणूस घरी कधी चार वाक्यं बोलला नाही. तिथे बोलत होता.

एकदा मी चादरींचा गठ्ठा घेऊन दाराशी थबकले. ते तुझंच सांगत होते. तुला खाणीत न घेतल्याचं. तू म्हणतोस तशी ती गोष्ट नाही, एवढं मला पहिल्या दोन वाक्यांत कळलं. तेवढ्यात मुकादमबाईंनी हाक मारली आणि मला जावं लागलं. घरी विचारलं, तर म्हणाले की ते त्यालाच सांगेन. तू ये. पत्रात उत्तर नको, तूच ये.

तुझी,
नेझा

---

प्वेब्लो
२७ जानेवारी १९६३

चि. नेझा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिल्काने आधी वाचलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग बोलली, त्यापेक्षा न बोललेलं बरं होतं.

मी लगेच निघालो असतो. पण भट्टीचं अस्तर बदलायचं काम निघालंय आणि माझ्या हाताखालचे दोघे आजारी आहेत. शिवाय घाटात बर्फ. ईस्टरला नक्की येतो, चांगला आठवडाभर. बाबांना वाचून दाखव: लोव्रोने लिहिलं ते रागात लिहिलं. हेल्मेट खिळ्यावर शोभत नाही. शनिवारी जात जा. फक्त माझी गोष्ट माझ्यासाठी राखून ठेवा.

खरं सांगू, मला भीतीही वाटते. पंचवीस वर्षं एका रागावर माणूस उभा असतो. तो काढून घेतला, तर पाय कुठे ठेवायचा?

बाबांना साष्टांग नमस्कार. तुझ्यावर माया आहे, तूही ठेव.

तुझा,
लोव्रो

---

टॅलो क्रीक
३ मार्च १९६३

ती. लोव्रोदादास,
सा. न. वि. वि.

बाबा गेल्याची तार तुला मिळाली आणि घाट बंद म्हणून तुला अर्ध्या वाटेतून परतावं लागलं, हे वहिनींच्या फोनवरून कळलं. हिमकडा कोसळून चार दिवस कुणीच आत-बाहेर करू शकलं नाही. तू जिवावर उदार होऊन चालत निघाला होतास म्हणे. असलं काही करायचं नव्हतं.

तुझा निरोप मी त्यांना वाचून दाखवला होता. ऐकून खूश झाले. पण हॉटेलात मात्र गेले नाहीत. म्हणाले, आता आधी लोव्रोला सांगतो, मग दुनियेला. तुला पुढच्या खोलीत झोपवायचं की मागच्या, यावर माझ्याशी भांडले. मागची गरम असते म्हणे. ताप चढला तो तिसऱ्या दिवशी छातीत उतरला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात धूळच इतकी होती की तापाला फारसं काम उरलं नव्हतं.

दफनभूमीची वाट बर्फाखाली होती. जखमी पाहुण्यांना खाली आणायची बिनचाकांची घसरगाडी असते ना, तिच्यावर पेटी ठेवून स्कीवाली पोरं बाबांना वर घेऊन गेली. जुन्यांपैकी आम्ही सहाजण होतो, बाकी सगळे पाहुणे. रंगीबेरंगी कोट घातलेले, पण टोप्या काढून उभे होते. हॉटेलच्या बारवरचा डेनिस फार रडला. तो दर शनिवारी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा.

अस्वलाची ती ओळ मी गाळू शकले असते, हे रोज मनात येतं. तू म्हणशील, लिहिली मी. मी म्हणेन, वाचली मी. असं किती दिवस करणार आपण दोघं? ईस्टरला ये. मागची खोली झाडून ठेवली आहे.

तुझी,
नेझा

---

प्वेब्लो
२८ एप्रिल १९६३

चि. नेझा हिस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेल्या पोतित्सेतली मिल्काने मला एकच फोड दिली.

तुझ्याकडे होतो तेव्हा दफनभूमीत जातो म्हणून एका दुपारी बाहेर पडलो, तो तिथे गेलोच नाही. हॉटेलात गेलो. तू कामात होतीस. बार रिकामा होता. मी कोण ते डेनिसला सांगितलं नाही. शेवटच्या खाणकामगाराच्या गोष्टी तुला येतात असं ऐकलं, म्हटलं. तो खुलला. आता शनिवारी व्हिटकोमसाहेब त्यालाच बसवतात. कुठली ऐकायची, त्याने विचारलं. मुलाची, मी म्हणालो.

तर ती अशी. बाबांनी फोरमनला गुत्त्यात नेऊन आपल्या पैशाने पाजलं. मग त्याला पटवलं की माझा मुलगा अंधाराला घाबरतो, झोपेत चालतो, सुरुंगाच्या वासाने चक्कर येऊन पडतो, आणि डावा-उजवा हात त्याला ओळखता येत नाही. फोरमन बाबांना म्हणाला, येर्नेय, असलं पोर मी भट्टीत घालायलाही घेणार नाही. बाबा घरी आले आणि बर्फात बसून आनंदाने रडले. नेझा, त्या सुमारास त्यांच्या थुंकीत रक्त पडायला लागलं होतं. ते त्यांनी घरी कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलाही नाही; शेकोटीशी मात्र सांगायचे. डेनिस म्हणाला, इथे म्हातारा थोडं खोकायचा. मग त्याने तो खोकला करून दाखवला. अगदी तसाच.

मी विचारलं, मग मुलगा? डेनिस म्हणाला की मुलगा रागावून निघून गेला. पण म्हातारा दर वेळी हेच सांगून थांबायचा: “त्याची छाती बैलासारखी आहे. माझ्यावर ओरडतो ना, तेव्हा इथपर्यंत ऐकू येतं.”

शनिवारी मी पुन्हा गेलो. म्हणून तर एक दिवस जास्त राहिलो. तू विचारलंस तेव्हा बस चुकली म्हणालो होतो. शेकोटीभोवती पन्नासेक माणसं होती, मी त्यांच्यात खाली बसलो. झोपेत चालणाऱ्या, अंधाराला घाबरणाऱ्या पोराचं ऐकून सगळे पोट धरून हसले.

मीही हसलो, नेझा. मोठ्याने. बाबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

एकटी राहू नकोस, उन्हाळ्यात इकडे ये. आपण दोघंच उरलो, तेव्हा माया आता दुपटीने कर.

तुझा,
लोव्रो