मूळ वायरिंग सदोष

आप्पा, घर विकायला काढलंय. आई गेल्यापासून दोन वर्षं कुलूपच होतं. गिऱ्हाईक रोह्याचं, नवरा कंपनीत, बायको इथे पेणला शाळेत शिकवते. सौदा ठरला, पण बँक म्हणते, आधी लायसनवाल्याकडून विजेची तपासणी करून दाखला आणा. मला हसू आलं. ज्या घराची एकेक वायर तुम्ही ओढली, त्याला दाखला! पेणचे निम्मे गणपतीचे कारखाने तुमच्या वायरिंगवर चालले. पावसाळ्यात मूर्ती वाळवायला टांगलेल्या मोठाल्या दिव्यांखाली माणसं ओल्या मातीत अनवाणी बसायची आणि कुणाला साधा झटका बसला नाही. तुम्ही मागे ठेवलंत ते हे घर आणि हे नाव.

कॉलेज सोडून मी काही महिने तुमच्याबरोबर यायचो. एका कारखान्यात अर्थिंगची वायर पुरेना, म्हणून मी सॉकेटमध्येच दोन इंचांचा तुकडा लावून अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडून टाकली. तुम्ही बोर्ड उघडता, बघता आणि बिनडोळ्यांच्या पन्नासेक गणपतींसमोर मला विचारता, "हे कुणी शिकवलं? न्यूट्रल तुटला तर पंख्याची अख्खी बॉडी जिवंत होईल. हात लावणारा मरेल, आणि तू म्हणशील त्याचं नशीब." मला तिथूनच घरी पाठवलंत. पुढे मी लोकांची टिंगल करणारा लेखक झालो. त्या धंद्यात चुकीच्या जोडणीने कुणी मरत नाही.

तुम्ही गेल्यावर मी अंगणात फरशी घातली. अर्थिंगचा खड्डा, ज्यात तुम्ही दर उन्हाळ्यात न चुकता पाणी ओतायचात, तो खाली गाडला गेला; गवंड्याने तारही तोडली. मग फ्रीजला हात लावला की आईला मुंग्या यायच्या. "चावतो रे हा मेला," म्हणायची. नवी फरशी कोण उकरणार? एका दुपारी मी घरातल्या सगळ्या सॉकेटांत ते दोन इंचांचे तुकडे लावले. मुंग्या थांबल्या. "अगदी बापावर गेलास," आई म्हणाली. ती न्यूमोनियाने गेली, विजेने नाही. एवढीच माझी पुण्याई.

तपासणीला रोह्याचा कॉन्ट्रॅक्टर आला, साठीचा माणूस. पहिलं सॉकेट उघडलं, आत तो दोन इंचांचा तुकडा दिसला आणि टेस्टर हातातच राहिला.

"हे आप्पांनी केलंय? नाय, आम्ही ऐकून होतो, पेणला वायरमन एकच."

"जुनी माणसं अंदाजपंचे करायची हो," गिऱ्हाईक म्हणालं.

"सगळं उपटून नवीन करा," त्याची बायको म्हणाली. "घरात लहान मूल आहे."

कॉन्ट्रॅक्टर अजून माझ्याकडेच बघत होता. खरं सांगितलं असतं तरी सौदा मोडत नव्हता. वायरिंग नवीन करायचंच होतं. फक्त मी उघडा पडलो असतो. मी म्हटलं, "त्या काळी तसंच करायचे." त्याने लिहिलं, मूळ वायरिंग सदोष. खाली मालक म्हणून माझी सही.

दाखल्याची बातमी पेणभर झाली. आठवड्याने एसटी स्टँडवर तुमच्या जुन्या गणपती कारखानदाराने गाठलं. "काय रे, आप्पांचं काम असलं निघालं? माझ्याकडं सगळं त्यांचंच हाय. बदलून घेऊ काय?" तो खरं तर 'नको' ऐकायला थांबला होता. तुमच्यावर त्याचा तेवढा जीव. मी म्हटलं, "बदलून घ्या. उगाच धोका कशाला?"

कालपासून तिथे तुमच्या वायरी निघतायत. काढणारा पोरगेला वायरमन म्हणतो, एकही खराब नाही. तरी काढतोय, कारण सांगितलंय.

लोकांची अब्रू काढून मी इतकी वर्षं पोट भरलं आणि स्वतःची झाकायला तुमची फाडली. हे पत्र तुम्हाला पोचण्यासारखं असतं, तर मी लिहिलं नसतं.