काउंटरमागची खुर्ची

१ मार्च, सकाळी ९
आजपासून रोजनिशी. राग कागदावर उतरवा म्हणजे तोंडावाटे निघणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. बघू.
लेकीने आमच्या चष्म्याच्या दुकानाची वेबसाइट काढली. फोनचा कॅमेरा तोंडासमोर धरायचा, की स्क्रीनवर आपल्या नाकावर फ्रेम बसते. मान हलवली की फ्रेमही हलते. दीडशे फ्रेमी घरबसल्या लावून बघा, आवडेल ती ऑर्डर करा, दुकानातून घेऊन जा. मग मी काय करायचं? काचा पुसायच्या?
एकतीस वर्षं या दुकानाचा एकच नियम. गिऱ्हाइकाने कपाटाला हात लावायचा नाही. मी चेहरा बघतो, एक फ्रेम काढतो, न विचारता नाकावर ठेवतो. आरसा शेवटी.

२ मार्च
जेवताना पैज लागली. ३१ तारखेला मोजायचं, काउंटरवरची गिऱ्हाइकं जास्त की वेबसाइटवरची. माझी जास्त झाली तर वेबसाइट बंद. तिची जास्त झाली तर काउंटरमागची खुर्ची तिची. बायको पंच. ती म्हणाली, विचार करा जरा. मी म्हणालो, विचार हरणाऱ्याने करावा. वाक्य छान जमलं.

५ मार्च
काउंटर ९, वेबसाइट २. त्या दोघींतली एक लेकीची मैत्रीण. संकल्प : जिंकल्यावर लेकीला फार बोलायचं नाही. दोन दिवस बोलायचं, बस्स.

९ मार्च
वेबसाइटवर चॅटही आहे. गिऱ्हाईक लिहून विचारतं, दुकानाने लगेच उत्तर द्यायचं. लेक लेन्सवाल्याकडे गेली होती म्हणून मी बसलो. एका बाईने फोटो पाठवून विचारलं, गोल फ्रेम कशी दिसते? खरं ते लिहिलं : "वाईट." तिने रडका चेहरा पाठवला. मी कळवलं, रडून चेहऱ्याचा आकार बदलत नाही.
संध्याकाळी लेकीने पासवर्ड बदलला. माझ्याच दुकानात मला कुलूप.

१३ मार्च
वेबसाइटवर कुणीतरी अभिप्राय टाकलाय. "फ्रेमी सुंदर. पण काउंटरवरचे काका खेकसतात. घरूनच ऑर्डर करा."
मी खेकसतो? लेकीला माळ्यावर ऐकू जाईल इतक्या आवाजात विचारलं. ती म्हणाली, नाही हो बाबा. तेवढ्यात दुकानातली तीन गिऱ्हाइकं निघून गेली. हल्ली लोकांना धीरच नाही.
काउंटर २१, वेबसाइट १९.

१८ मार्च
शाळामास्तर आले. जुनं गिऱ्हाईक, चौथा चष्मा. मी नेहमीची काळी चौकोनी काढली. त्यांनी खिशातून फोन काढला. त्यात बारीक सोनेरी फ्रेम लावलेले स्वतःचेच फोटो. वेबसाइटवर फोटो टाकला की ओळखीचे-अनोळखी सगळे मत देतात म्हणे. बासष्ट जणांनी सोनेरीला दिलं. मी विचारलं, बासष्ट जण तुमच्या नाकावर बसणार आहेत का? मास्तर हळूच म्हणाले, बायकोही पहिल्यापासून हेच सांगते, पण तुमच्यासमोर बोलायची हिंमत होत नव्हती.
बारा वर्षं हा माणूस गप्प बसला आणि दोष माझा. ऑर्डर त्यांनी माझ्या काउंटरला टेकून फोनवरून केली. मोजली गेली वेबसाइटच्या बाजूला.
रागाने जेवलो नाही. नंतर जेवलो.

२४ मार्च
काउंटर ३४, वेबसाइट ३५. अंगाचा तिळपापड झालाय. हे यंत्र खोटं आहे, हे आता पुराव्यानिशी सिद्ध करणार.

२६ मार्च, दुपारी २
दुकान जेवणासाठी बंद. शटर अर्धं ओढलं आणि माझा चेहरा यंत्राला दाखवला. नाव टाकलं "एक गृहस्थ". अकरा फ्रेमी लावून पाहिल्या, केवळ परीक्षा म्हणून. चंदेरी बारीक फ्रेम लावून मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. मग पुन्हा डावीकडे. वाईट नाही.
तिचा फोटो आणि माझ्या जाड तपकिरी चष्म्याचा फोटो शेजारी टाकून लोकांची मतं मागवली. तपकिरी वीस वर्षांपूर्वी मी स्वतः निवडलेली. आता कळेल कुणाला काय समजतं ते.

२७ मार्च
चंदेरीला ८१ मतं. तपकिरीला १. ते मी दिलं.
खाली "एक गृहिणी" नावाच्या कुणी लिहिलंय : "तपकिरी चष्म्यात हे सदा चिडलेले दिसतात. डोळे चांगले आहेत हो. वीस वर्षांपूर्वीच सांगितलं होतं." कोण ही आगाऊ बाई? वीस वर्षांपूर्वी वेबसाइट तरी होती का? बायकोला वाचून दाखवलं. ती पोळी लाटत म्हणाली, असतात एकेक बायका.

२९ मार्च
शेवटचा पुरावा. चंदेरीची ऑर्डर देऊन टाकली. चुकीचा माल हातात पडला की लेकीला तोंडघशी पाडणार. फ्रेम माझ्या पाठीमागच्या कपाटातच होती, पण पुरावा रीतसर हवा.

३१ मार्च, संध्याकाळी ७
बायकोने यादी वाचली. काउंटर ४३, वेबसाइट ४४.
मी म्हणालो, लबाडी आहे, एकेक नाव वाचा. तिने चव्वेचाळीस नावं वाचली. शेवटचं, एक गृहस्थ. हा कोण भामटा, रद्द करा त्याची ऑर्डर, असं मी म्हणालो आणि आवाज मध्येच बसला.
लेकीने त्या ऑर्डरचं खोकं उघडलं. माझा तपकिरी चष्मा काढला आणि न विचारता चंदेरी माझ्या नाकावर ठेवली. आरसा शेवटी दाखवला.
तिला हे मीच शिकवलं. मेलीने बरोबर उचललं.

१ एप्रिल
खुर्चीवर लेक. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर. त्याचा एक पाय आखूड आहे, ही तक्रार नोंदवून ठेवतो.
सकाळी पहिलं गिऱ्हाईक म्हणजे त्या दिवशी निघून गेलेल्या तिघांतले एक. माझ्याकडे बघून हसले आणि लेकीला म्हणाले, हे नवीन ठेवलेत का? शांत दिसतात. बरं केलंत, आधीचे काका फार खेकसायचे.
उत्तर तोंडापर्यंत आलं होतं. लेक माझ्याकडे बघत होती.
मी फडकं घेतलं आणि काचा पुसायला लागलो.