मास्तरांनी दिलेला एक जून

आई,

सध्या मी ॲन आर्बरला आहे, नातीकडे. माझी नात म्हणजे तुझी पणती, तीच ती, जी जर्सीतल्या आपल्या पिस्कॅटवेच्या घरात तुझ्या पदराला धरून मागेमागे फिरायची आणि तू पोळ्या लाटायला घेतल्यास की कणकेचा गोळा मागायची. तिचे दिवस भरत आलेत. बाळ पायाळू आहे, डोकं वर आणि पाय खाली करून निवांत बसलंय, म्हणून ऑपरेशन करायचं ठरलं. मी डिंकाचे लाडू वळायला म्हणून पुढे आले, तिची आई आठवड्याने येईल. मे संपत आला तरी इथे सकाळी स्वेटर लागतो. आत्ता ती आणि नातजावई पाय मोकळे करायला गेलेत, डिंक तळून झालाय, खोबरं गार व्हायचंय, तेवढ्यात हे लिहायला बसले. तुला जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली. पत्र घालणार कुठे, हे मलाही कळतं. पण काही गोष्टी तुझ्याशिवाय कुणाशी बोलायच्या हेच समजत नाही, आणि त्यातली एक या चार दिवसांत माझ्या डोक्यात घर करून बसली आहे.

इथे ऑपरेशन असलं की डॉक्टर दोन तारखा पुढे ठेवतात, दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावावा तसं. शुक्रवार की सोमवार, असं विचारलं. पोरीने सोमवार घेतला. मला फोनवर म्हणाली, “आजी, मंडे म्हणजे फर्स्ट जून. पणजीचा हंड्रेड्थ बर्थडे. मी दुसरी डेट घेणं शक्यच नव्हतं.” मी छान गं छान म्हटलं आणि फोन ठेवला. इथे येऊन बघते तर बाळाच्या खोलीत पाळण्याच्या वर हा मोठा बोर्ड. ती शाळेत इतिहास शिकवते ना, तेव्हा अंगातलं जाणार कुठे. एकोणीसशे सव्वीस सालचा जून महिना तिने भिंतीवर मांडून ठेवलाय, जगात तेव्हा काय चाललं होतं आणि कोण कोण जन्मलं ते सगळं चित्रांसकट. अगदी तुझ्याच तारखेला कॅलिफोर्नियात एक मुलगी झाली, ती पुढे सोनेरी केसांची मोठी नटी झाली. पिस्कॅटवेच्या न्हाव्याच्या दुकानात तिचा फोटो असायचा बघ, आणि तू म्हणायचीस, बाई हसते छान, पण पोटभर जेवत नसावी. महिना सरता सरता ब्रुकलिनमध्ये एक विनोदी नट जन्मला, त्याचे सिनेमे नातजावयाला तोंडपाठ आहेत. ब्राझील देश राष्ट्रसंघातून रुसून बाहेर पडला. आणि स्पेनमध्ये, वर्षानुवर्षं एकच चर्च बांधत बसलेला एक म्हातारा ट्रामखाली सापडला. कपडे इतके साधे की लोकांना कुणी भिकारीच वाटला, आणि त्याला गरिबांच्या इस्पितळात नेऊन टाकलं. तू असतीस तर पहिला प्रश्न विचारला असतास, त्याला घरचं कुणी नव्हतं का.

आणि या सगळ्यांच्या मधोमध तुझा फोटो, पिस्कॅटवेच्या अंगणातला, पायात माझे बूट घातलेला. खाली लिहिलंय, याच महिन्यात आमची पणजी जन्मली.

आई, तू जूनमध्ये जन्मली नाहीस. तू खरी कधीची, हे जाणणारी आता मी एकटीच उरले आहे.

तू शाळेत गेलीस ती गोष्ट तू इतक्यांदा सांगितलीस की मला ती पाहिल्यासारखी वाटते. मास्तर दारोदार फिरून मुली गोळा करत होते. आजोबा काही राजी नव्हते, पण दारात आलेल्या मास्तरांना नाही म्हणायची हिंमत होईना. मास्तरांनी तुला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावला. धरता आला, म्हणजे वय झालं. मग विचारलं, पोरगी कधीची? आजोबा म्हणाले, गौरीजेवणाच्या दिवशीची. मास्तर म्हणाले, “गौरीचा रकाना नाही हो माझ्याकडे.” शाळा जूनमध्ये सुरू होणार, म्हणून एक जून लिहून टाकलं, आणि तुझ्या उंचीकडे बघून साल. तू चार इयत्ता शिकलीस. पण आयुष्यभर तुझ्या तोंडून एक जून असा निघायचा की जणू तुला तो बक्षीस मिळाला होता. मी तुला इकडे बोलावलं तेव्हा पासपोर्टवर तोच आला, आणि तुझ्याबरोबर समुद्र ओलांडून आला.

तो इथे काय गोंधळ घालेल हे मास्तरांच्या स्वप्नात नसेल. आठवतं, क्लिनिकमध्ये तू, समोरच्या डॉक्टरांचे वडील आणि पलीकडच्या इमारतीतल्या नागपूरच्या मावशी, तिघं एकाच दिवशी सर्दीखोकला घेऊन गेलात. मी ड्राइव्ह करून नेलं होतं. काउंटरवरच्या मुलीने तिघांची जन्मतारीख बघितली आणि मला म्हणाली, कॉम्प्युटर बिघडलाय बहुतेक, हे तिळे आहेत का? मला शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी करून जेमतेम कामापुरतं इंग्रजी यायला लागलं होतं, मी घामाघूम. तू विचारलंस, काय म्हणते गं ती? मी सांगितलं. तू अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणालीस, “तिला सांग, आमच्याकडे मास्तर लोक एकाच दिवशी बाळंत झाले.” नागपूरच्या मावशी इतक्या हसल्या की त्यांचा खोकला थांबेना, आणि त्यांनाच आधी आत घेतलं.

त्यानंतरच तू ती पंगत सुरू केलीस. एक जूनला आपल्या स्वयंपाकघरात सगळे एक जूनवाले. कुणी मुलाकडे आलेले, कुणी मुलीकडे, दिवसभर घरात टीव्हीसमोर बसून कंटाळलेले. तू घरात केक नको म्हणालीस, शिरा केलास, आणि त्यावर मेणबत्ती रोवायचा हट्ट डॉक्टरांच्या वडिलांनी केला तर तेवढी मुभा दिलीस. सगळे मिळून एक मेणबत्ती विझवायचे. आपल्या मास्तरांच्या आठवणी निघायच्या, कुणाला छडी, कुणाला पाटी. माझी लेक, कॉलेजातून सुट्टीला आलेली, दारात उभी राहून म्हणाली, “मॉम, धिस इज द बेस्ट पार्टी इन जर्सी.” मी तेव्हा तुझ्याकडे बघत होते. इथली भाषा येत नाही, रस्ता कळत नाही, बर्फ पडला की खिडकीपाशी बसून राहते, म्हणून मला तुझी काळजी वाटायची, आणि तू मात्र एका चुकीच्या तारखेवर आख्खा गोतावळा उभा केला होतास.

म्हणून मला वाटायचं, गौरीचा दिवस तू विसरली असशील. नव्हतीस विसरली. ती नवी आलेली विद्यार्थ्याची बायको आठवते का, खालच्या मजल्यावरची? गौरी आल्या आणि दुसऱ्याच सकाळी ती बाळाला घेऊन हॉस्पिटलमधून घरी आली. तिच्याजवळ माहेरचं-सासरचं कुणी नव्हतं. आपल्याकडे जेवायला आलेल्या बायका हळदीकुंकू घेत होत्या, आणि तू नैवेद्याचं पान तसंच उचलून दाराकडे निघालीस. पुण्याच्या काकूंनी अडवलं. म्हणाल्या, “अहो आई, तिला सोयर आहे ना अजून? देवीचं पान तिकडे कसं नेता?” तू पायात चप्पल सरकवत म्हणालीस, “आमच्यात गौरी आधी बाळंतिणीकडे जेवतात.” काकू माझ्याकडे बघायला लागल्या. मीही अशी रीत कधी ऐकली नव्हती, पण मान डोलावली. तू जिना उतरून गेलीस आणि बराच वेळ आली नाहीस. त्या पोरीला समोर बसवून जेवायला घातलंस, बाळाला न्हाऊ घातलंस, मग वर आलीस.

पाहुण्या गेल्यावर भांडी घासताना मी विचारलं, ही रीत कधीपासून गं आपल्यात? तू म्हणालीस, आजपासून. मग नळ बंद केलास आणि सांगितलंस. तू जन्मलीस त्या दिवशी तुमच्या घरी गौरी उभ्या होत्या, पुरण शिजलं होतं, पानं मांडली होती, आणि नैवेद्याच्या आधीच तुझ्या आईला कळा सुरू झाल्या. घराला सोयर लागलं. कुणी देवीला हात लावेना. शेजारच्या बाईंनी येऊन दहीभाताचा नैवेद्य दाखवला आणि गौरी तशाच उठवल्या. पुरणपोळ्या गुरांना घातल्या. पुढे घरात काही बिनसलं, म्हैस आटली, कुणाला ताप आला, की तुझी आजी तुझ्याकडे बघून म्हणायची, हिच्या पायी गौरी उपाशी गेल्या. दरवर्षी गौरीच्या दिवशी तुला मागच्या दारी बसवायचे. “मग मास्तरांनी एक जून दिला,” तू म्हणालीस. “त्या दिवशी कुणी उपाशी गेलं नव्हतं.” एवढं बोलून तू पुन्हा नळ सोडलास. हे तुझ्या भावंडांनाही आठवत नव्हतं, आणि बाबांना तू सांगितलं नव्हतंस. का कोण जाणे, मला सांगितलंस.

आता बघ माझी काय पंचाईत. सोमवारी त्या तारखेवर एक जीव जन्माला येणार. जन्मभर ती तारीख त्याच्या मागे लागणार, आणि त्याला सगळे सांगणार की पणजीच्या आईचा, नाही, आईच्या पणजीचा हाच दिवस. मी गप्प बसले तर पोरीने खोट्यावर विश्वास ठेवून बाळाचा दिवस ठरवला असं होईल. बोलले तर तिचा एवढा मांडलेला बोर्ड, एवढं मन लावून निवडलेला दिवस, सगळ्यावर पाणी. चार दिवस मी लाडूचं सामान उगाच खालीवर करत होते. शेवटी काल दुपारी, ती सोफ्यावर पाय वर करून बसली होती आणि नातजावई पाळण्याचे स्क्रू आवळत होता, तेव्हा म्हटलं, “अगं, ती पणजीची तारीख खरी नाही. शाळेच्या मास्तरांनी लिहिलेली आहे. आमच्याकडे अर्ध्या गावाची तीच असायची.”

ती उठून बसली. “वेट, आजी. पणजीचा बर्थडे फेक आहे?”

मी म्हटलं, “फेक नाही गं. दिलेला आहे.” मग कानाची गोष्ट सांगितली. तिने लगेच डोक्यावरून हात नेऊन कान धरून बघितला. नातजावयाने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून धरला. तो म्हणाला, “ग्रेट, आय ॲम रेडी फॉर स्कूल.” ती पोट धरून हसली, मग एकदम थांबली. मला वाटलं, आता डॉक्टरांना फोन करते की काय, शुक्रवार मागते की काय. ती म्हणाली, “म्हणजे पणजीला तिच्या टीचरने डेट दिली, आणि माझ्या बेबीला माझी डॉक्टर देतेय. शनिवार-रविवारी तिला गोल्फ असतं, यू नो.” आणि पाय पुन्हा वर घेतले. “आजी, मग तर मंडेच पाहिजे.”

तुला सांगते, मला तिचं कौतुक वाटलं आणि त्याहून जास्त तुझं. चार इयत्ता शिकलेल्या तुला जे कळलं होतं ते मी आता या वयाला, पुस्तकं वाचून वाचून, नातीच्या तोंडून ऐकलं. दिवस कुणीतरी देतंच. तो कसा वागवायचा हे आपल्या हातात. तू तो शिऱ्यासकट, मेणबत्तीसकट वागवलास.

पण मग ती म्हणाली, “आणि खरी कधीची होती पणजी? सांग ना. मी त्या महिन्याचा पण बोर्ड करते, शेजारी लावू.”

तो महिना मी कधीच शोधून ठेवलाय, आई. लायब्ररीत बसून काढला होता. साल मास्तरांचंच धरलं, आणि त्या वर्षी गौरी सप्टेंबरात आल्या होत्या. त्याच महिन्यात फ्लोरिडाला मोठं वादळ झालं, ब्राझील ज्या राष्ट्रसंघातून रुसून गेला त्यात जर्मनीला घेतलं, आणि इथल्याच दक्षिणेकडे एक मुलगा जन्मला, तो पुढे सॅक्सोफोन वाजवून जगात गाजला. पोरीला किती आनंद झाला असता. हे सगळं माझ्या ओठावर आलं होतं.

मी म्हटलं, “ते कुणालाच माहीत नाही गं.”

तिने मान हलवली आणि विषय संपला. मी स्वतःची समजूत घातली की बाळंत व्हायला निघालेल्या पोरीला सोयर म्हणजे काय ते कशाला सांगायचं, तो शब्द या घरात आणायचाच कशाला. कारण चांगलं आहे, कुणालाही पटेल. पाऊल वाजतंय दारात, आली वाटतं दोघं. हे कागद मी आता पिशवीत कोंबणार आणि पिस्कॅटवेला गेल्यावर फाडून टाकणार, म्हणून निदान तुझ्याशी तरी खरं बोलते. पोरीसाठी नाही मी गप्प बसले. तू तो दिवस मला एकटीला दिला होतास, आणि मला तो कुणाला वाटून द्यायचा नव्हता.