मेम्फिसला न गेलेला भाऊ

प्रिय लायल,

गेल्या मंगळवारी मी तुझ्या कॉलेजात येऊन गेलो, हे तुला ठाऊक नाही. सत्तावन्न साली तुझं ते एकच गाणं अख्ख्या आर्कान्सा राज्यात वाजलं, आणि तू गाणं सोडून इतिहास शिकवायला गेलास. मी वीस वर्षं गुत्त्यांत गातोय, तरी लोक म्हणतात, “लायलचा भाऊ ना तू? मग त्याचंच म्हण की.” मला जे कधी मिळालं नाही ते तू सहज टाकून दिलंस, याचाच माझा जळफळाट.

तुझ्या तासाला मी मागच्या बाकावर बसलो होतो. एका मुलीनं विचारलं, “सर, तुम्ही गायचात म्हणे?”

तू हसलास. “खरा गळा माझ्या थोरल्या भावाचा. रेकॉर्डिंगला मेम्फिसला दोघं निघालो होतो, पण ऐन वेळी आई आजारी पडली आणि तो तिच्यापाशी थांबला.”

मी टोपी डोळ्यांवर ओढून बाहेर पडलो.

आई आजारी नव्हती, लायल. मी घाबरलो होतो, म्हणून तिला खोटं बोलायला लावलं. हे पत्र मी टाकणार नाही. आईसाठी थांबलेला भाऊ, माझ्याकडे एवढाच मोठेपणा उरलाय, आणि तोही तूच दिलेला.

तुझा थोरला,
हॉलिस