सुरी पुसण्याचा एक गुण

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (वाकून करणार होतो, पण कंबर धरली आहे, वाकलो असे समज.) तुझी थोरली लेक आणि तिचे बाळ सुखरूप असतील. तू तिच्या बाळंतपणाला गेल्यापासून तुझी नात माझ्याकडे मजेत आहे, असे लिहिणार होतो, पण ते पूर्ण खरे नाही आणि त्याला कारण तू आहेस. रागावू नकोस, आधी पूर्ण वाच.

आमच्या शाळेने यंदा लघुत्तरे तपासायला कृत्रिम बुद्धिमत्ता आणली. आम्ही तिला 'नवे सर' म्हणतो. नव्या सरांना चहा लागत नाही, रजा लागत नाही, फक्त प्रत्येक प्रश्नाचे नमुना उत्तर लागते. सातवीच्या विज्ञानाची उत्तरे लिहायचे काम माझ्याकडे आले आणि मी ते (जन्मभराच्या सवयीने) तुझ्या गळ्यात घातले. निवृत्त झालीस तरी विज्ञानाची बाई तू. तुझे पाकीट आले, ते मी न उघडताच शाळेत नेऊन दिले. तू लिहिलेले तपासायची माझी कधी प्राज्ञा होती?

ताई, लोखंड का गंजते, याला हवा आणि ओलावा एवढे पुरले असते गं. तू पुढे लिहिलेस, म्हणून सुरी वापरल्यावर पुसूनच जागेवर ठेवावी, पण या घरात ऐकतो कोण! बाष्पीभवनाखाली लिहिलेस, ओला टॉवेल खुर्चीवर टाकू नये, कुबट वास येतो, कितीदा सांगायचं. नव्या सरांना तुझा स्वभाव काय ठाऊक? त्यांनी हे सगळे मुद्दे धरले. वर्गातल्या हुशार मुलांना तीनपैकी एकेक गुण आणि खाली शेरा: 'सुरी पुसण्याचा उल्लेख नाही. घरातल्यांविषयीची तक्रार अपूर्ण.' एका मुलाची आई मला विचारायला आली, सुरी कितव्या धड्यात आहे.

पूर्ण गुण एकीलाच मिळाले, तुझ्या नातीला. तिने सुरीही पुसली होती, टॉवेलही उचलला होता आणि 'कितीदा सांगायचं' हेही लिहिले होते. नव्या सरांनी लगेच 'उत्तरे फुटल्याचा संशय' कळवला. पाकीट माझ्या घरी आलेले, मुलगी माझ्याच घरी राहणारी. मुख्याध्यापिकाबाईंनी दुसरे काय समजायचे? तिचा निकाल अडवला आहे. पोर धड जेवत नाही. "मामाआजोबा, मी काही बघितलं नाही हो. आजी असंच तर म्हणते," एवढेच तिचे म्हणणे. ते बाईंना कोण पटवणार?

असो. बाळाला आशीर्वाद आणि तुला पुन्हा (न वाकता) नमस्कार.

तुझा
धाकटा

ता. क. पत्राचे खरे कारण हे की, तू दोन दिवस येऊन जा. नातीची बाजू वगैरे मांडू नकोस. बाईंच्या खोलीत नुसती बस. तिथे भरदिवसा दिवा चालू असतो, पुढचे आपोआप होईल.

आणखी एक ता. क. पत्र टाकायचे राहिले (ओरडू नकोस), तेवढ्यात बाईंनीच सोक्षमोक्ष लावला. मला आणि नातीला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून पेपरात नसलेला प्रश्न घातला: बर्फ पाण्यावर का तरंगतो? दोघांनीही शेवटी लिहिले, फ्रीजचे दार लगेच लावावे. नव्या सरांच्या मते आता नातीने माझी कॉपी केली आहे. पण बाई हसल्या आणि तिचे गुण तिला देऊन टाकले. बाकीच्यांचे पेपर मी पुन्हा हाताने तपासतो आहे. तेव्हा तू यायची गरज उरलेली नाही. तरी ये. आज सकाळी मी ओला टॉवेल खुर्चीवर टाकला आणि आम्ही दोघे वाट बघत बसलो. कोणी ओरडलेच नाही. घर फार सुने वाटते गं.