कमलाक्षीसाठी योग्य डॉक्टर

३ जून १९९४
संकल्प: आजपासून राग नाही. एरवीही मला राग येत नाही, लोक आणतात. काल कमलाक्षी मुलीला घेऊन पापनाशमला भावाकडे निघून गेली. कारण काय, तर दार. दार मी आपटलं, कबूल. पण कमलाक्षीला बोट मध्ये ठेवायला मी सांगितलं नव्हतं. एका बोटासाठी कुणी घर सोडतं? डोक्याचाच आजार असणार. नवरा म्हणून उपचार करणं माझं कर्तव्य आहे.

४ जून
बूथवरून मेहुण्याला, रघुपतीला, फोन. शांतपणे म्हटलं, तिला डॉक्टरांना दाखवू. तो म्हणतो, भावजी, आधीं तुम्हीं दाखवून घ्या. बूथचं काचेचं दार तकलादू निघालं. हाताला चार टाके. हल्ली मालच हलका येतो.

७ जून
अभ्यास. ऑफिसातल्या राजमबाईंचा भाऊ औषधं विकतो, त्यामुळे त्यांना सगळं ठाऊक. सायकायॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे शिकलेला, गोळ्या देतो. सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही. चाचण्या घेतो, बोलून उपचार करतो. कौन्सेलर मुख्यतः ऐकून घेतो. ऐकून घ्यायला फी कशाला? ते काम कमलाक्षी बारा वर्षं फुकट करत होती. गोळ्यावालाच बरा.

९ जून
सायकायॅट्रिस्ट. अत्यंत नम्र तमिळमध्ये बायकोची लक्षणं सांगितली: दचकते, बोलत नाही, भांडं पडलं की कोपऱ्यात जाऊन बसते. त्याने विचारलं, भांडं पाडतं कोण? उद्धट माणूस. मग माझीच झोप विचारली, माझंच ब्लडप्रेशर घेतलं आणि गोळ्या माझ्या नावावर लिहिल्या. टेबल उलटवलं. चांगलं सागवानी होतं. आजारी माणसाला जमेल का? कंपाउंडर आडवा आला, त्याचा चष्मा गेला.

१० जून
कौन्सेलर. म्हातारे गृहस्थ. पाऊण तास नुसते मान डोलावत राहिले. इतका अपमान आजवर कुणी केला नव्हता. कॉलर धरून उभं केलं. शर्ट फाटला, पण जुनाच होता.

१३ जून
अखेर योग्य जागा सापडली: सायकॉलॉजिस्ट वासुकी अम्मा. गोळ्या नाहीत, म्हणजे धोका नाही. त्यांनी दोघांनाही बोलावलं. रघुपती बहिणीला घेऊन यायला तयार झाला. सज्जनपणा वाया जात नाही. घर आवरलं, टीव्हीच्या काचा झाडल्या.

१७ जून
बाहेर तमिळ, घरात मराठी, हा आम्हा तमिळ मुलखातल्या मराठ्यांचा तीनशे वर्षांचा रिवाज. आज फार उपयोगी पडला. रघुपती बाहेर बाकावर. आत मी तमिळमध्ये म्हणालो, कमलाक्षी, तुझ्यावाचून घर सुनं आहे. आणि त्याच हसऱ्या तोंडाने मराठीत, मुकाट्याने चल, नाहीतर दुसरा हातही दारात देईन. असं अर्धा तास. अम्मा लिहीत होत्या. बाजी मारली असं वाटलं.

मग त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "आम्हीही इथलेच मराठे, सार. पहिल्यापासून सगळें समजलें."

खुर्ची उचलली. कमलाक्षी कोपऱ्यात गेली नाही. सरळ बघत उभी राहिली. रघुपतीने आत येऊन खुर्ची काढून घेतली. मी सोडली, टाक्यांमुळे.

१८ जून
रघुपतीने निरोप दिला. अम्मांनी कमलाक्षीला तपासलं, तिला काहीही झालेलं नाही. म्हणूनच ती परत येणार नाही. मला मात्र सायकायॅट्रिस्ट आणि सायकॉलॉजिस्ट दोन्ही लागतील. कौन्सेलरनाही विचारलं होतं, त्यांनी हात जोडले.

रात्री ताट भिंतीवर फेकलं. आवाज झाला आणि थांबला. कुणी दचकलं नाही. मी दचकलो. भीती वाटते आहे. कुणाची ते समजत नाही, घरात मी एकटाच आहे.