खिशातल्या गोळ्यांबद्दल

निरंजन,

आधी चहा घे, मग हे वाच. उपाशीपोटी तू कुणाचं ऐकत नाहीस.

काल धुवायला घेतलेल्या तुझ्या पँटच्या खिशात गोळ्या सापडल्या आणि तुझं एक अक्षर न ऐकता मी त्या संडासात टाकून वर दोन बादल्या पाणी ओतलं. सकाळी व्यसनमुक्ती सेंटरच्या शाहीन मॅडमना फोन करून तुझी तक्रार केली, तर त्यांना हसू आवरेना. "अहो काकू, नशा परत लागू नये म्हणून आम्हीच दिलेल्या गोळ्या त्या!"

मी तरी काय करू रे? तुझ्या मामाच्या दारूचा वास गल्लीच्या तोंडाशीच यायचा. तुझं मात्र आधी खोकल्याचं औषध, मग दुखण्याच्या गोळ्या. ना वास, ना झोकांडी. वर्षभर मला वाटलं, पोरगं अभ्यासाने सुकलंय. म्हणून आता गोळी दिसली की माझा हात आधी चालतो.

चुकले. अडीच महिने तू नशेशिवाय निभावलंस, ते माझ्या हाताने मोडायला नको. म्हणून निगडीला सेंटरवर जाऊन नव्या गोळ्या आणते. माझी शिफ्ट दुपारची आहे, बारापर्यंत येईन. डब्यात थालीपीठं आहेत, सगळी संपव. काल रागाने जेवला नाहीस.

गोळ्या यापुढे तुझ्याच कपाटात राहतील. तुझे खिसेही मी तपासणार नाही. म्हणजे आजपासून कपडे तुझे तूच धुवायचे. पँट बादलीत भिजत घातली आहे, तिच्यापासूनच सुरुवात कर.

आई